खटका पडायचा थांबला म्हणजे दोष गेला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादे उपकरण लावले की मुख्य पेटीतल्या आरसीसीबीचा, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचचा, खटका पडतो, अशी तक्रार अनेक घरांत असते. ती मिटवण्याचा एक अत्यंत धोकादायक मार्ग मला आमच्याच घरात पाहायला मिळाला, म्हणून हे पत्र.

आमचा गीझर सुरू केल्यावर चार-पाच मिनिटे नीट चाले आणि पाणी तापू लागले की खटका पडे. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने थोड्याच वेळात काम संपवले आणि त्यानंतर खटका एकदाही पडला नाही. काही आठवड्यांनी प्लग सैल वाटला म्हणून उघडला, तर आतली हिरवी, म्हणजे अर्थिंगची, तार कापून तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि जाड पिनेला काहीही जोडलेले नव्हते. घरातली लहान मुलेही इतके दिवस त्याच गीझरच्या पाण्याने आंघोळ करत होती, हे आठवून अंगावर काटा आला.

आरसीसीबी हा फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहत असतो, आणि घरगुती वापराच्या नेहमीच्या आरसीसीबीत हा फरक ३० मिलिअँपिअर झाला की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तुटतो. जादा भार किंवा शॉर्टसर्किट यांसाठी असलेल्या एमसीबीला एवढी बारीक गळती जाणवतही नाही. हिरवी तार जागेवर असेल तर गळणारा प्रवाह तिच्यातून जमिनीत जातो आणि खटका लगेच पडतो. ती कापली की गळतीची ही वाट बंद होते, खटका शांत राहतो, पण उपकरणाच्या धातूच्या भागात वीज उतरलेलीच असते आणि ओल्या हाताने त्याला स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून ती वाट काढते.

दोष शोधायचा तर आधी सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बटण सहसा फक्त फेज तोडते. न्यूट्रल आतून उपकरणाच्या सांगाड्याला टेकलेला असेल, तर ते उपकरण बंद असूनही, घरात दुसरे काही चालू असताना खटका पडू शकतो. प्लग काढूनही खटका टिकत नसेल, तर दोष बहुधा वायरिंगमध्ये किंवा कायम जोडलेल्या एखाद्या उपकरणात असतो. टिकत असेल, तर एकेक उपकरण लावून पाहावे. फ्रीजच्या बाबतीत मात्र धीर धरावा लागतो, कारण बर्फ वितळवणारा त्याचा हीटर काही तासांनी एकदाच चालू होतो आणि अवेळी पडलेल्या खटक्याचा दोष उगाच आरसीसीबीवर येतो.

आमच्याकडे नंतर आलेल्या इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरवर विसंबून न राहता मेगर आणला. मल्टिमीटर काही व्होल्टवरच मोजतो, तर मेगर ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर गळू न देणारे आवरण, तपासतो. गार असताना रीडिंग चांगले आले. मग हिरवी तार पुन्हा जोडून त्यांनी गीझर खटका पडेपर्यंत चालवला, प्लग काढला आणि लगेच मोजले, तेव्हा ते एक मेगओहमच्या बरेच खाली गेले, म्हणजे तापल्यावर इन्सुलेशन कमकुवत होत होते. हीटरच्या नळीत कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि नळीला केसाएवढी चीर गेली तरी ती पूड ओलावा शोषते. आमच्या हीटरला तशीच चीर गेली होती, आणि नळी तापून प्रसरण पावली की ती उघडत असावी. हीटर बदलला, त्यानंतर हिरवी तार जागेवर असूनही खटका पडलेला नाही.

दुरुस्ती करणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की, खटका पडतो म्हणून दुरुस्त केलेल्या उपकरणाच्या पावतीवर मेगरचे रीडिंग आणि अर्थिंग तपासल्याची नोंद लिहून द्यावी. ग्राहकांनीही ती मागून घ्यावी, आणि कारागीर घरात असतानाच प्लग उघडून हिरवी तार जोडलेली आहे का, हे त्याच्याकडून दाखवून घ्यावे.

कळावे,
एक वाचक