फळ फक्त उपवासाला आणि आजाऱ्यालाच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सासवडला सीताफळाचा हंगाम जोरात आहे. पहाटे पाट्या नि क्रेट उतरतात, मोठं फळ व्यापारी उचलतात, मुठीएवढं मागे राहतं. सीताफळ डोळे उघडल्यावरच, म्हणजे सालीवरच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावल्यावरच काढतात, मग दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं. त्यामुळे आवक वाढली की शेतकरी मिळेल त्या भावाला पाटी सोडून जातो. परवा दुपारी एका बाईंनी उरलेली अर्धी पाटी माझ्या पिशवीत जवळजवळ फुकट रिकामी केली. "न्या बाई, घरी नेली तर गुरांपुढंच टाकायची," म्हणाल्या. पलीकडे शाळा सुटलेली चार मुलं पाच-पाच रुपयांची वेफर्सची पाकिटं फोडत होती. त्यातल्या दोघांच्या घरी सीताफळाची बाग आहे!

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. डब्यात फळाची फोड आणणारं मूल वर्गात एखादंच असायचं. आपल्याकडे फळ म्हणजे उपवासाचं, नाहीतर आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं. त्यातही मान लांबून आलेल्या सफरचंदाला; बांधावरचा पेरू मात्र खोकला होतो म्हणून मना. वास्तविक पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत रोज १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. म्हणजे एक मध्यम पेरू. एवढंही आपल्या मुलांच्या पोटात जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२०२३ साली राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि ते न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. २०२५च्या जानेवारीत त्याचा निधी थांबला. तो पुन्हा सुरू करावा, आणि फळ सगळ्याच मुलांना द्यावं, तेही त्या-त्या भागातलं, हंगामातलं. आमच्याकडे आत्ता सीताफळ, थंडीत खट्टा बहाराचे अंजीर. बाजारात मागे राहिलेला बारीक माल शाळांनी घ्यावा, मात्र शेतकऱ्याची तोडणी आणि वाहतूक सुटेल असा भाव बांधून. पडेल भावाने नको.

सीताफळ मुलांना देताना बिया चावू नयेत, हात डोळ्यांना लावू नयेत एवढं शिक्षकांनी पाहावं. हे काम कुणी हाती घेणार असेल, तर पहाटे बाजारात उभं राहून क्रेट मोजून घ्यायला मी येईन.

— एक निवृत्त शिक्षिका, सासवड (ता. पुरंदर)