खाऊगल्लीतील कसबाचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगातील पारंपरिक खाऊवर आलेला सचित्र लेख मी आणि माझ्या सुनेने मिळून वाचला. सिंगापूरपासून मेक्सिकोपर्यंतचे अनेक पदार्थ त्यात होते आणि आपल्या इंदूरचे पोहे-जिलबी व सराफ्यातील, म्हणजे येथील रात्रीच्या खाऊबाजारातील, गराडू (तळलेला कंद) यांनाही जागा मिळाली होती, याचा मनापासून आनंद झाला. परंतु प्रत्येक पदार्थाला एक छायाचित्र आणि दोन ओळी एवढ्यावर लेख थांबला. पदार्थ करते कोण, तो कसा होतो आणि नव्या माणसाला शिकवते कोण, याचा उल्लेख कोठेही नव्हता. पारंपरिक खाद्यपदार्थांविषयी लिहिताना हीच बाजू आधी टिपून ठेवली पाहिजे असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

लेखात पदार्थांची ‘अस्सल देशी’ आणि ‘परदेशी’ अशी विभागणी केली होती. ती जिन्नसांवरून करायची म्हटली तर अडचण आपल्याच घरात येते. सराफ्यात शेव आणि मसाला घालून मिळणारी साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा मूळचा आग्नेय आशियातील सागो ताडाच्या गाभ्यापासून काढलेला. आपण आज खातो तो बहुतेक तमिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून तयार होतो आणि तो कंद दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेला. शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही तिन्ही त्याच अमेरिका खंडातली. एकादशीच्या ताटलीतून एवढे सारे वगळले तर जिरे आणि तूप यांखेरीज फारसे काही उरत नाही. तरीही ती खिचडी आपली आहे, कारण साबुदाणा धुऊन त्यात पाणी किती ठेवायचे, तो बोटांत दाबला की मऊ लागला पाहिजे पण गोळा होता कामा नये, कूट केव्हा लावायचे, हे सारे आपल्या स्वयंपाकघरांतून ठरत आले आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात त्याच कंदाचा ओलसर स्टार्च चाळून कोरड्या तव्यावर पसरतात. तेल-तुपाचा थेंब न घालता तो नुसत्या उष्णतेने धरतो आणि ओले खोबरे घालून दुमडलेली ती ‘तापिओका’ रस्त्यावर गरम गरम विकली जाते. तेथील लोकांना आपली खिचडी जितकी अनोळखी वाटेल, तितकीच आपल्याला त्यांची तापिओका वाटते.

पोह्यांचेही तसेच आहे. भात भिजवून किंवा भाजून, कुटून चपटा करण्याची रीत फक्त आपली नाही. कंबोडियात नव्या भाताचे पोहे कुटतात, त्यांना ‘अंबोक’ म्हणतात आणि कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या तेथील जलोत्सवात ते केळे आणि नारळाबरोबर खाल्ले जातात. आमच्या कोकणातल्या नातेवाइकांकडे दिवाळीच्या पहाटे नव्या पोह्यांचे पाच-सहा प्रकार मांडले जातात, त्याची मला ते वाचून फार आठवण झाली. व्हिएतनाममध्ये हनोईजवळच्या वोंग गावाचे कोवळ्या चिकट तांदळाचे हिरवे पोहे प्रसिद्ध आहेत आणि ते कमळाच्या पानात बांधून विकतात. आणि इंदुरात? पुण्या-मुंबईचा पाहुणा येथे आला की पोह्यांत कांदा परतलेला नाही म्हणून आधी बिचकतो. येथे भिजवलेल्या पोह्यांना हळद, मीठ, साखर आणि बडीशेप घातलेली फोडणी लावून ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत ठेवतात. सकाळी सहाला मांडलेले पोहे दहा वाजताही मोकळे आणि मऊ राहतात ते या वाफेमुळे. कच्चा कांदा, शेव, जिरावन (येथील कोरडा मसाला), लिंबू हे सारे वरून. वाफ कमी झाली तर पोहे वातड होतात आणि जास्त झाली तर लगदा होतो. पातेल्यापाशी उभा असलेला माणूस दर दहा मिनिटांनी हात फिरवून ते सांभाळत असतो. त्याच्याविषयी लेखात एकही वाक्य नव्हते.

ज्या देशांनी या बाबतीत गंभीरपणे काम केले, त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात ‘अकाराजे’ नावाचा वडा रस्त्यावर विकला जातो. चवळी भिजवायची, तिची साले काढायची, वाटायची, कांदा व मीठ घालून लाकडी डावाने हलकी होईपर्यंत फेसायची आणि पामच्या लालसर तेलात तळायची, अशी त्याची कृती आहे. आपल्याकडे मुगाचे वडे करणाऱ्या कोणालाही ती लगेच समजेल. हा वडा पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा ‘अकारा’ होय. नायजेरियात तो आजही रस्त्यावर मिळतो आणि बऱ्याचदा शेजारीच ‘दुंदू’, म्हणजे तळलेल्या यामच्या फोडी असतात. याम म्हणजे आपल्या गराडूचाच भाईबंद. गुलाम म्हणून समुद्रापार नेलेल्या माणसांनी हा वडा ब्राझीलला नेला. तेथे तो डोक्यावरच्या टोपलीतून विकून साठवलेल्या पैशांतून काही स्त्रियांनी स्वतःची मुक्तता विकत घेतली. हे वाचताना माझे डोळे भरून आले होते. 2005 साली ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने याची नोंद केली तेव्हा वारसा म्हणून नोंदला गेला तो पांढरा पोशाख घालून वडे विकणाऱ्या त्या बायकांचा व्यवसाय. त्याचा उपयोगही झाला. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीत साल्वादोरच्या स्टेडियमभोवती त्यांना मनाई होण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आवाज उठवला आणि त्यांच्यातील काही जणींना आत विक्रीची परवानगी मिळाली.

युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही हीच दृष्टी दिसते. 2017 साली नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला नोंदली गेली, 2022 साली फ्रान्सच्या ‘बागेत’ नावाच्या लांब पावाचे कारागिरी ज्ञान. सिंगापूरच्या खाद्यविक्रेत्यांची संस्कृती 2020 साली नोंदली गेली. त्या शहराने सत्तर-ऐंशीच्या दशकांत रस्त्यावरचे विक्रेते नळ, गटार आणि छप्पर असलेल्या केंद्रांत नेले. जुन्या विक्रेत्यांच्या हाताखाली नव्यांनी धंदा शिकावा यासाठी आज तेथे सरकारी योजना चालतात.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे मी म्हणणार नाही. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. इंदूरची छप्पन दुकान ही खाऊगल्ली आणि सराफा या दोन्ही ठिकाणांना केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छ खाद्यकेंद्र म्हणून मान्यता दिली आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात तर, ज्या बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्री चालत आली आहे तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्वही घातलेले आहे. परंतु मानांकनाने नाव राखले जाते, कायद्याने जागा राखली जाते, आणि भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस करणाऱ्या माणसाने संध्याकाळी चार वाजल्यापासून काय काय केले ते कोठेच लिहिले जात नाही.

याचा अनुभव मी घरात घेतला आहे. माझ्या आजीचा भुट्ट्याचा कीस आमच्या रामबागेत नावाजलेला होता. कणीस किसणीवर हलक्या हाताने फिरवायचे, बुरकुंडापर्यंत पोचायचे नाही, नाहीतर तुसे येतात, हे तिने मला दाखवले होते. तुपात जिरे, हिंग आणि हिरवी मिरची घालून कीस परतायचा, आणि दूध एकदम न ओतता ते आटत जाईल तसे पळीपळीने घालायचे, हेही दाखवले होते. पण दूध किती आणि विस्तव कधी उतरवायचा, असे विचारले की ती ‘वासावरून कळतं’ एवढेच म्हणे. भुट्टा जून असला की दूध जास्त लागते, कोवळा असला की कमी, हे मला पुष्कळ वर्षांनी, अनेकदा कीस बिघडवल्यावर उमगले. ती असताना मी वही घेऊन चार श्रावण तिच्या शेजारी बसले असते तर ते सारे आज माझ्या सुनेला आयते मिळाले असते. सराफ्यातही असे किती हात असतील, ज्यांची मुले आता दुसऱ्या व्यवसायात गेली आहेत.

म्हणून माझी विनंती अशी आहे. आपल्या पुरवणीत दर पंधरवड्याला इंदूरच्या एका पदार्थावर, तो करणाऱ्या माणसाला भेटून, सविस्तर लेख यावा. गराडू तळणारा फोडी आधी एकदा तळून का ठेवतो आणि गिऱ्हाईक आल्यावर पुन्हा का तळतो, जिरावनात प्रत्येकाचे प्रमाण कसे वेगळे असते, कढईचे तेल कधी बदलतात, धंदा कोणाकडून शिकले आणि पुढे कोण शिकत आहे, हे त्यांच्याच शब्दांत छापले जावे. येथील मराठी घरांतून आलेल्या पदार्थांनाही त्यात जागा असावी आणि करणाऱ्याची हरकत नसेल तर छायाचित्र ताटलीबरोबर त्यांचेही असावे. रामबाग आणि आसपासच्या घरांतून माहिती गोळा करण्यास मी व माझ्या दोन मैत्रिणी तयार आहोत. भुट्ट्याचा हंगाम पावसाळ्यात येतो, तेव्हा पहिला लेख किसावर घेता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक
रामबाग, इंदूर