यादी खालून वर वाच

चि. माऊ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू घेतलेल्या जुन्या मारुतीत करायच्या कामांची तुझी यादी मिळाली. तेरा इंची अलॉय चाकं, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, मॅट काळा रंग, नवीन स्टिअरिंग, आणि अगदी तळाशी घाईत लिहिलेलं ‘ब्रेक बघून घेणे’. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या अधिकाराने सांगते, ही यादी खालून वर वाच. तू सुचवलेल्या क्रमाने गेलीस तर गाडी दिसायला झकास होईल आणि ज्या दिवशी रस्त्यावर येईल त्या दिवशी मला झोप लागणार नाही.

गाडी मात्र तू बरोबर निवडलीस. चाळीस हजारात 1998 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. शिकायला याहून चांगली गाडी आपल्याकडे नाही. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी आली आणि 2014 च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली. तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीत तर 2019 पर्यंत चालू होतं. त्यामुळे तुझ्या नाना पेठेत आजही गॅस्केटपासून वॉटर पंपापर्यंत सगळं मिळतं. बॉनेट उघडलं की प्रत्येक गोष्टीपर्यंत हात पोचतो. 10, 12, 14 आणि 17 चे पाने घे, बॉक्स आणि रिंग दोन्ही. निम्म्याहून जास्त गाडी एवढ्यात उघडते. पाने स्वस्तातले घेऊ नकोस. बोल्टचे कोपरे एकदा गोल झाले की दहा मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार जाते.

आता ब्रेक. पुढे डिस्क आहेत, त्या डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची काळजी कुणीही घेतं. खरं दुखणं मागच्या ड्रममध्ये लपलेलं असतं. बरीच वर्षं कमी चाललेल्या गाडीत व्हील सिलिंडरची, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरची, रबरं कडक होतात, ब्रेक ऑइल झिरपून ड्रमला घासणाऱ्या लायनरवर येतं आणि एका बाजूचा ब्रेक लागतो, दुसऱ्या बाजूचा लागत नाही. कोरड्या रस्त्यावर हे जाणवणार नाही. पहिल्या पावसात जोरात ब्रेक मारलास की गाडी आडवी होईल. ड्रम जाम असेल तर हातोडीने ठोकत बसू नकोस, ओढून काढायचा पुलर आण. आत साचलेली धूळ फुंकू नकोस, हवेनेही उडवू नकोस, ओल्या फडक्याने पुसून काढ. जुन्या लायनरची धूळ छातीत जाता कामा नये. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपणाची कड अलगद उचलून बघ. आत ओल दिसली तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर जोडीनेच बदल. मात्र दोन्ही ड्रम एकदम उघडू नकोस. एक बाजू पूर्ण बसवून झाल्यावरच दुसरी खोल, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे बघायला नमुना समोर राहतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल आत शिरली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लोखंडी पाइप आतून गंजायला लागतात. म्हणून जुनं ऑइल कितीही स्वच्छ वाटलं तरी सगळं काढून नवीन डॉट 3 भर. चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली हवा काढायची, सुरुवात सर्वांत लांबच्या म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. पेडल कुणाला तरी दाबायला सांग, चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू, म्हणजे निपल, तू सोड. ऑइल पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धू, नाहीतर रंग उचलेल. सगळं झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धर. ते हळूहळू खाली सरकत राहिलं तर पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर गेलाय. वर्गातल्या पोरांनाही हे काम कंटाळवाणं वाटतं, त्यांना पहिल्या दिवसापासून इंजिन उघडायचं असतं. पण मी त्यांना गाडी थांबवता येईपर्यंत चालू करू देत नाही.

तुझ्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, जमिनीलगत साचते, आणि तळघरात तर तिला जायला वाटच नसते. टाकी रिकामी करणं, कार्बोरेटर उघडणं, पेट्रोलचा पाइप बदलणं ही कामं तिथे अजिबात करायची नाहीत. ओळखीच्या गॅरेजच्या मोकळ्या अंगणात गाडी ढकलत ने आणि तिथे कर. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. आणि जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, माऊ. खाली शिरायचं असेल तर दोन भक्कम घोड्या (लोखंडी स्टँड), न उचललेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि शिरण्याआधी गाडीला हलवून बघणं. विटांवर गाडी टेकवून खाली गेलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल या पत्रात लिहीत नाही.

इंधनाचं म्हणशील तर, आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. तुझ्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं त्यासाठी बनलेली नाहीत. इथेनॉल अशी जुनी रबरं फुगवतं, भेगाळवतं, शिवाय पाणीही ओढून घेतं. तेव्हा इथेनॉल सोसणारे नवीन पाइप टाक, प्रत्येक क्लिप नवीन लाव, आणि टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नकोस. कार्बोरेटर खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढ. त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी पितळी भोकं, बारीक तारेने कोरू नकोस. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रणाचा हिशोब बिघडतो. स्प्रे मारायचा आणि हवेने मोकळं करायचं. स्क्रू फिरवायचा तर आधी किती फेऱ्यांवर होता ते लिहून ठेव. एका दिवशी एकच गोष्ट बदल. प्लग, टायमिंग आणि कार्बोरेटर एकदम छेडलंस तर गाडी कशाने सुधारली आणि कशाने बिघडली हे तुला कधीच कळणार नाही. टायमिंग बेल्ट किती जुना आहे हे विकणाऱ्यालाच माहीत नव्हतं ना? मग तो बदलायचाच. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, कूलंट घाल. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा तापलं की वाकतं.

गंजाबद्दल मात्र सावकाश वाच, कारण जुन्या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, पत्र्याने मरतात. एक साधं लोहचुंबक घे आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, सायलेन्सरच्या बाजूचा पत्रा यांवरून फिरव. जिथे धरणार नाही तिथे आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे. पायाखालचे मॅट पूर्ण उचल. बॅटरीखालची ट्रे बघ, ॲसिडने ती हमखास खाल्लेली असते. काचेखालच्या जाळीत झाडाची पानं अडकली की पाणी आत उतरतं आणि फ्लोअर सडतो. दारांच्या तळाशी पाणी निघायला भोकं असतात, ती तारेने मोकळी कर. सडलेला पत्रा कापून नवीन तुकडा वेल्डिंग करायचा, मग प्रायमर, मग लागेल तेवढीच लांबी. गंजावर थेट लांबी चढवणारा पेंटर स्वस्त पडतो आणि पुढच्या आषाढात फोड येतात. रंगकाम दिवाळीनंतर काढ. पावसाळी दमट हवेत रंग पांढुरका पडतो. तोवर ब्रेक, इंजिन, वायरिंग यांत तुझे पावसाळ्याचे महिने छान जातील.

आता तुझ्या यादीची वरची बाजू. कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि कडकही. मोठ्या स्पीडब्रेकरवर चाक लोंबलं की ती जागेवरून सुटू शकते. मोठी, जड चाकं ओढायला इंजिन साधारण 37 अश्वशक्तीचं, शिवाय वळताना टायर कमानीला घासतो आणि स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाच. कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. रंगसुद्धा आरसीवर लिहिलेला असतो. बदलायचाच तर आधी आरटीओत नोंद. विमा कंपनीपासूनही काही लपवायचं नाही.

तरी हौस मारू नकोस. हेडलाइटला रिले टाक. मूळ वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून जातो, रिले आला की दिवे खरे उजळतात आणि स्विचही जळत नाही. सीट बेल्ट नवीन घे. मूळ लोखंडी रिमना पावडर कोटिंग कर, त्यावर 145/70 आर 12 चे ताजे टायर. घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का बघ: 2325 म्हणजे 2025 सालचा तेविसावा आठवडा. सीटचा फोम बदल, दारांच्या आत आवाज अडवणारी शीट लाव. हे सगळं कायद्यात बसतं आणि रोज जाणवतं. एक पूर्ण पावसाळा ही गाडी मूळ रूपात चालव. ती कुठे कमी पडते हे तुझ्या हातांना कळलं की मग तेरा इंची चाकांबद्दल परत बोलू, मी मन लावून ऐकेन.

कागदांचं उरकून टाक. आरसीचं नूतनीकरण 2028 पर्यंत आहे, ते बरं झालं. गाडी तुझ्या नावावर अजून झाली नसेल तर याच आठवड्यात अर्ज कर. नवी सुरक्षा नंबर प्लेट, पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा झाल्याशिवाय गल्लीतही फिरवायची नाही.

ड्रम काढलेस की आतून बोट फिरवून बघ. खाच लागली तर पुढच्या शनिवारी इकडे घेऊन ये, उद्यमनगरात लेथवर टर्निंग करून घेऊ. आतून किती व्यासापर्यंत कापता येतं ते ड्रमवरच कोरलेलं असतं, तो आकडा मला आधी फोनवर कळव. आणि व्हील सिलिंडरचा फोटो आज रात्रीच पाठव.

तुझी,
आई