निचऱ्याच्या मोटरीविषयी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, शेतात जमिनीखाली घातलेल्या निचऱ्याच्या पाइपांचे पाणी ज्या चेंबरमध्ये जमते, त्यावर साडेसात एचपीची मोटर घ्यायचे तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून सवडीने हिशेब करून लिहीत आहे.

दिवाळीत मी चेंबरच्या कडेला घड्याळ घेऊन बसले होते, ते आईला आठवत असेल. पाच एचपीच्या मोटरीने पाच फूट पाणी चार मिनिटांत तळाला नेले, आणि तुम्ही बांधावरून परत येईपर्यंत ती कोरडीच खरखरत राहिली. तेवढेच चार हजार लिटर पाणी पुन्हा साठायला मात्र अडीच तास लागले. म्हणजे आपल्या पाच एकरांतून दिवसाला सुमारे चाळीस हजार लिटर पाणी पाझरते आणि सकाळ-संध्याकाळ मिळून आपण आठ हजारच उपसतो. चेंबर भरले की पाइप तुंबतात आणि पाणी उसाच्या मुळांशीच राहते. ओढ्याकडच्या दोन एकरांत पुन्हा मीठ फुलले ते त्यामुळेच, असे मला वाटते.

मोटर लहान पडते, हे म्हणूनच मला पटत नाही. उंच पाणी चढवण्यासाठी बनवलेली मोटर दहा फुटांच्या उपशाला लावली, तर ती पाणी जास्त फेकते, अँपिअर जास्त ओढते आणि तापते. दोन वर्षांत तीनदा मोटर जळून आतल्या तारेचे वाइंडिंग भरावे लागले, त्याचे कारण हे आणि कोरडे चालणे. साडेसात एचपीने दोन्ही वाढेल.

त्याऐवजी एक एचपीचा गढूळ पाण्याचा पाणबुडी पंप आणि पाणी चढले की पंप सुरू आणि उतरले की बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा स्विच घ्यावा. सेकंदाला तीन लिटर पाणी काढले, तरी दिवसाचा पाझर चार तासांत संपतो. थ्री फेज वीज आठ तासच मिळाली, तरी तेवढा वेळ चेंबर भरून राहणार नाही. बळीराजा योजनेत साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत असल्याने बिलात बचत दिसणार नाही, हे खरे. पण ज्या पाइपांसाठी सोसायटीचे कर्ज काढले, ते पाइप कामाला लागतील. 2019 आणि 2021 सारखा महापूर आला, तर कोणतीच मोटर उपयोगाची नाही. खरी गरज पूर ओसरल्यावर ओढा भरलेला असतो त्या दिवसांत असते.

मी येईपर्यंत रोज सकाळी चेंबरमधल्या पाण्याची उंची वहीत लिहून ठेवावी आणि दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नये, एवढी विनंती.

तुमची लेक