शेऱ्याच्या रकान्यातला वाढदिवस

आदरणीय बाई,

पेढे घेऊन आले तर तुम्ही दारातच म्हणालात, "अगं, मी काय केलं, नुसतं वाचलं." आणि लगेच चहाचं आधण ठेवलंत. समोर बोलू देत नाही, म्हणून तुम्ही वाचून दिलेल्या त्या मोडी वहीबद्दल हे चारचौघांत लिहितेय.

भाचीच्या जात पडताळणीपासून सुरुवात झाली. आम्ही कैकाडी, विमुक्त जातीतले. पुरावा हवा २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. आजोबांच्या, म्हणजे आमच्या आबांच्या, शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसतं ‘हिंदू’. मग घरातली ती कुजबुज आठवली, की पणजोबा ‘पोलिसांच्या वहीत’ होते. आजीसमोर हा विषय निघाला की ती उठून आत जायची. माणसानं काहीतरी केलं असणार, असंच मी धरून चालले होते.

मुंबईच्या पुराभिलेखागारात सेटलमेंटांचे, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या वसाहतींचे, वार्षिक अहवाल चाळले. माझ्या हाती आलेल्या पानांत माणसं होती ती आकड्यांत. एका कचेरीत "चोरांची वंशावळ काढताय होय?" हेही ऐकून घेतलं. शेवटी गावच्या पोलीस पाटलांच्या नातवानं माळ्यावरून हजेरीची वही काढून दिली. उघडली तर सगळी मोडी. आधी पानभर रेघ ओढलेली आणि तिला लोंबकळणारी अक्षरं, एक शब्द कुठं संपतो नि दुसरा कुठं सुरू होतो याचा पत्ता नाही.

मी बाराखडीचा तक्ता घेऊन महिनाभर झगडले होते. तुम्ही तो बाजूला ठेवायला लावलात. "नाव शोधायचं नाही अजून. आधी या लिहिणाऱ्याचा हात ओळखू." तीन दुपारी आपण भलत्याच माणसांच्या हजेऱ्या वाचत बसलो. वेलांटी दीर्घच असायची आणि उकार ऱ्हस्वच, तिथं शुद्धलेखन शोधू नकोस, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत! (तुम्ही शाळेत असताना मुलं घाबरत असणार, हे त्या तीन दुपारी कळलं.)

चौथ्या दुपारी भिंगाखाली पणजोबांचं नाव आलं. पुढे ‘बिन’, मग बापाचं नाव, मग जात कैकाडी. भाचीचं काम तिथंच झालं होतं. मी मात्र शिक्षेच्या रकान्याकडे बघायला धजत नव्हते. तुम्ही पान उलटलंत, मागचं पाहिलंत, पुढचं पाहिलंत. सगळीकडे कोरा. "काही केलेलं नाही गं यांनी," म्हणालात, "जात लिहिलीय, तेवढंच."

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली आपल्या इलाख्यालाही लागू झाला, हे मी वाचलेलं होतं. जात जाहीर झाली की अंगठा द्यायचा, हजेरी द्यायची. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा देशभरातून गेला. वाचलेलं सगळं होतं, पण तो कोरा रकाना बघेपर्यंत पणजोबा माझ्या डोक्यात चोरच होते. टोपल्या, कणग्या विणणाऱ्या माणसाचा डावा अंगठा रोज त्या पानावर उमटलेला. शाई कधी जास्त, कधी पुसट. एके ठिकाणी अंगठा नाहीच.

ती ओळ मी सोडून पुढे गेले होते. तुम्ही थांबलात. चष्मा काढून पुसलात, पुन्हा लावलात आणि शेरा वाचलात: ‘ता. ९ माहे नोव्हेंबर सन १९२६. बायको बाळंत, मुलगा झाला, सबब गैरहजर.’

पणजोबांना एकच मुलगा झाला, आमचे आबा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या वर्गाला दिली तशी त्यांनाही १ जून ही जन्मतारीख देऊन टाकली होती. आबा जाईपर्यंत आम्ही १ जूनलाच त्यांच्यासाठी गोड करायचो आणि ते दरवर्षी म्हणायचे, "माझी आई तर सांगायची, तुझ्या वेळेला थंडी होती."

बाई, तुम्ही पैसे घेतले नाहीत, पेढ्यांतलाही एकच उचललात. भाचीचं प्रमाणपत्र आलं. यंदा ९ नोव्हेंबरला आमच्याकडे शेंगापोळी आहे आणि तुम्ही यायचंच, रिक्षा मी पाठवते. भिंग आठवणीनं घ्या. पणजीच्या माहेरच्या गावचीही एक वही सापडली आहे.

तुमची,
चौथ्या दुपारी पान ओलं केलं म्हणून ओरडा खाल्लेली विद्यार्थिनी