ताळगावच्या फ्लॅटमधली झाडं

फोंडा, गोवा
१८ मे

प्रिय वसू,

ताळगावचा फ्लॅट पक्का झाला हे वाचून फार बरं वाटलं. इतकी वर्षं नुसतं "येते, येते" करत होतीस, शेवटी ऑफिसनेच तुला ओढून आणलं. पण ऐन जूनमध्ये सामान हलवायचं कुणी सुचवलं तुला? पुस्तकांच्या खोक्यांना प्लास्टिक गुंडाळ. पुण्याच्या पावसाचा अंदाज इथे चालत नाही.

आता तुझ्या झाडांबद्दल. निम्मा महिना फिरती, बाल्कनी एवढीशी, आणि तरी घरात हिरवं काहीतरी हवंच. शेजारणीकडे किल्ली देऊन रोज पाणी घालायला सांगू का, असं विचारतेस. अजिबात नको. ती भली असेल तर खरंच रोज घालेल, आणि त्यानेच झाड जाईल. घरातली झाडं तहानेने कमी मरतात, गुदमरून जास्त. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं माना टाकतात. ते बघून आपण आणखी एक तांब्या ओततो.

त्यात हा गोवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे घरातल्या कुंडीची माती कुठली वाळायला? ओल्या मातीत चिलटं होतात ती वेगळीच. या सगळ्याला कंटाळून मी घरातल्या झाडांची माती काढून टाकली. बाहेरची तुळस, जास्वंद, अबोली मातीतच आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीविना नुसत्या पाण्यावर झाडं वाढवणं, म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर पंप, नळ्या आणि जांभळे दिवे येणार. ते सगळं विसर. इथे पावसाळ्यात एक मोठा वारा आला की वीज जाते. नळीतून सतत पाणी फिरवणाऱ्या रचनेत पंप बंद पडला की काही तासांत मुळं सुकायला लागतात, आणि तू त्या वेळी कुठल्या तरी विमानतळावर. तुला बिनपंपाचीच पद्धत हवी. हे खूळ नवं आहे असंही समजू नकोस. शोल्टो डग्लस नावाच्या इंग्रजाने १९४६ साली बंगालमध्ये, कालिम्पाँगकडे, मातीविना शेतीचे प्रयोग सुरू केले होते. महागड्या यंत्रांशिवाय साध्या माणसाला जमावं, हाच त्याचा खटाटोप होता.

मोठ्या झाडांसाठी मी क्ले बॉल वापरते. नर्सरीत लेका म्हणूनही मागतात. चिकणमाती फिरत्या भट्टीत हजार-बाराशे अंशांवर भाजली की ती चुरमुऱ्यासारखी फुगते, त्याचे हे तपकिरी गोळे. ते पाणी वर ओढतात, आणि गोळा गोल असल्यामुळे मधल्या फटींत हवा राहते. भोकं असलेली आतली कुंडी गोळ्यांनी भरायची, ती बिनभोकाच्या बाहेरच्या भांड्यात ठेवायची, आणि पाणी फक्त तळाच्या चौथाई भागात. पुण्याच्या कोरड्या हवेत तिसरा हिस्सा चालला असता. इथल्या दमट हवेत वरचे गोळेही ओलसर राहतात, म्हणून पाणी कमीच बरं. गोळे आधी चांगले धुऊन घे. पहिलं पाणी अगदी आमच्या ओहोळाला पूर येतो तसं लाल निघतं. मग रात्रभर भिजत ठेव.

नर्सरीतून आणलेलं झाड यात लावायचं तर मुळांची माती कण न् कण धुऊन काढावी लागते. राहिलेली माती आत कुजते. एवढं करूनही मातीत वाढलेली मुळं पाण्याला सहज रुळत नाहीत. काही गळतात, आणि नवी फुटेपर्यंत झाड रुसल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा कटिंगपासूनच सुरुवात कर. पाण्यात फुटलेल्या मुळांच्या आत हवेच्या पोकळ्या जास्त असतात, ती जन्मापासूनच पाण्याची. मनीप्लांटची फांदी पेराच्या जरा खाली काप. पेरापाशी ते बारीक तपकिरी टोक दिसतं ना, ते पाण्यात बुडलं पाहिजे. नुसतं देखणं पान देठासकट ठेवलंस तर ते महिनोन्महिने हिरवं राहील, पण वेल काही फुटणार नाही. सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अग्लोनिमा यांचंही असंच. स्पायडर प्लांटची पिल्लं तर आयती मुळं घेऊनच लोंबतात. तुझा बोका अजून पानं कुरतडतो का? मग मनीप्लांट आणि त्याचे हे भाईबंद उंचावर ठेव. त्यांच्या रसातले कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक तोंडाची आग करतात. स्पायडर प्लांट त्याने खाल्लं तरी फारसं बिघडत नाही.

छोट्या वेलींना गोळेही लागत नाहीत, बाटली पुरते. पारदर्शक नको, उजेड आणि खत एकत्र आलं की शेवाळ धरतं. बिअरच्या तपकिरी बाटल्या उत्तम, आणि त्या गोव्यात शोधाव्या लागत नाहीत! लेबल काढायला कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा. एवढंच सांभाळ की बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या पद्धतीचं मर्म हेच आहे. झाड पाणी पितं तशी पातळी खाली जाते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हवेतून श्वास घेणारी मुळं वाढतात. गावाहून आल्यावर बाटली अर्धी दिसली म्हणून घाबरून काठोकाठ भरलीस, तर नेमकी तीच मुळं बुडतात. थोडंच घाल, वरची मुळं उघडी राहू देत.

खताच्या बाबतीत मात्र दुकानदाराचं ऐकू नकोस. तो एकोणीस-एकोणीस-एकोणीसची (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी एकोणीस टक्के) पुडी हातात देईल. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं असतं. मातीत जिवाणू ते झाडाला पचेल असं करून देतात, आपल्या बाटलीत ते काम करायला कुणी नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नसतं. हायड्रोपोनिक्सचंच दोन भागांतलं खत घे, ए आणि बी. दोन्ही घट्ट द्रावणं थेट एकमेकांत ओतायची नाहीत, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका तळाशी बसतो आणि झाड उपाशी राहतं. बादलीभर पाण्यात आधी ए, ढवळून मग बी. पाकिटावर सांगितलंय त्याच्या निम्मंच प्रमाण घे. पावसाळ्यात ऊन नाही, झाड खात नाही, तेव्हा त्याहूनही कमी. महिन्याकाठी सगळं पाणी ओतून गोळे नळाखाली धर, म्हणजे वर जमलेला पांढरा क्षार जाईल. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाच ते साडेसहाच्या मधे असावा. पट्टीच्या कागदावर कळतो. मीटरबिटर घेऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे, दिवसातून दहा वेळा बुडवत बसशील.

आता डास. याबाबतीत मी कडक आहे. डेंगीचा डास बहुधा साठलेल्या स्वच्छ पाण्यापाशी अंडी घालतो, आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आरोग्य खात्याची माणसं दारात येऊन फुलदाण्या नि फ्रिजखालचा ट्रे बघतात ते उगाच नाही. बाटलीच्या तोंडाला देठाभोवती मच्छरदाणीचा तुकडा बांध. दोन कुंड्यांमधली फटही झाक. आणि पाणी बदलताना भांडं आतून घासायचं, कारण अंडी पाण्याच्या काठाला, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नुसतं विसळून ती जात नाहीत.

हे सगळं एकदा बसलं की गणेश चवथीला कुलूप लावून खुशाल फोंड्याला ये. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीची फळं बांधायला यंदा उंच माणूस हवाच आहे.

रंगीत जेलीचे गोळे घेऊ नकोस, दिसायला गोड आणि कामाला शून्य. उन्हाच्या खिडकीत काहीही ठेवू नकोस. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि आपण पुन्हा पहिल्याच रोगाशी. कटिंगं विकत आणू नकोस, मी मुळं फुटलेली देईन. तू फक्त फ्लॅटच्या कुठल्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते कळव, आणि मजला कितवा ते. लिफ्ट नसली तर भांडी दोन खेपांत आणावी लागतील.

तुझी,
मंगल