दीड दिवस फोन लागला नाही तेव्हा मी कुठं होते

प्रिय आई-बाबा,

आई, वटपौर्णिमेचे तुझे अकरा मिस्ड कॉल मला रविवारी दुपारी एकदम दिसले आणि पोटात गोळाच आला. फोनवर तू रडायलाच लागलीस त्यामुळे नीट काही बोलता आलं नाही आणि बाबा नुसतं "बरं आहे ना सगळं, झालं तर मग" एवढंच म्हणाले, म्हणून आज बसून सगळं लिहिते. काही लपवत नाही, गाडी वाळूत रुतली होती तेपण सांगते.

आम्ही नेब्रास्कातच होतो, ओमाहापासून पश्चिमेला पाचएक तासांवर. सँडहिल्स म्हणतात त्या भागाला. इतकी वर्षं इथं राहून आम्ही कधी गेलो नव्हतो, सुट्टी मिळाली की सगळे कोलोराडोचे डोंगर गाठतात, आम्हीपण तेच करायचो. हा सगळा भाग म्हणजे वाळूच्या टेकड्या, जवळजवळ पन्नास हजार चौरस किलोमीटर, काही टेकड्या चारशे फुटांपर्यंत उंच, आणि वर सगळीकडे गवत. खाली नुसती वाळू, गवतानं धरून ठेवलीय म्हणून जागेवर आहे. बाबा, तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगते, तिथं चेरी काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, ती सोलापूर जिल्ह्यापेक्षा थोडी मोठीच भरेल आणि माणसं किती तर साडेपाच हजार. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेला ४३ लाख होती. गुरं मात्र माणसांपेक्षा कितीतरी जास्त.

ग्रँड आयलंडपासून आम्ही मोठा हायवे सोडला आणि हायवे २ धरला. बाबा, तुम्ही माझ्याशेजारी असायला हवे होतात, कारण त्या रस्त्याला लागूनच रेल्वेलाइन आहे आणि वायोमिंगचा कोळसा घेऊन मालगाड्या एकामागून एक येत असतात. निनाद गाडी चालवत होता आणि मी बोटांवर डबे मोजत होते, तुम्ही मला शिकवलं होतं तसं, दहा झाले की एक बोट मिटायचं. एका गाडीला १२७ डबे निघाले. मी शेवटाला गार्डाच्या डब्याची वाट बघत होते आणि शेवटाला आलं एक इंजिन. दुसऱ्या गाडीला तेपण नव्हतं, शेवटच्या वाघिणीला नुसती एक पेटी लावलेली आणि तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता. गार्ड नाहीच. इथं मालगाडीला आता गार्ड नसतो. मला इतकं कसंतरी झालं की मी निनादला गाडी बाजूला घ्यायला लावली. तुम्ही रात्री-अपरात्री त्या डब्यात एकटे बसून होटगी, वाडी करायचात आणि आई डबा भरताना गप्प गप्प असायची, ते सगळं त्या पेटीकडे बघून आठवलं.

पहिली रात्र हाल्सीला काढली. तिथं एक जंगल आहे, पण माणसांनी हातानं लावलेलं, १९०२ पासून, चार्ल्स बेसी नावाच्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याचा आग्रह धरला होता. टॉयलेटची, पाण्याची सोय चांगली आहे (आई, हे तुझ्यासाठी). रात्रभर तंबूत मालगाड्यांचा आवाज येत होता, निनादची झोपमोड झाली, मी मात्र कुर्डुवाडीच्या क्वार्टरमध्ये झोपल्यासारखी झोपले.

शनिवारी मलेनवरून हायवे ९७ ला लागलो. तिथून व्हॅलेंटाइन गाव शंभरावर किलोमीटर, मध्ये एक गाव नाही, पेट्रोल पंप नाही, आणि फोनची रेंज गेली ती गेलीच. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चूक माझीच आहे, पुढच्या वेळी निघताना मेसेज टाकीन आणि कधी परत रेंजमध्ये येणार तेपण लिहीन.

आता रुतल्याचं. आम्ही ९७ सोडून एका आतल्या रस्त्याला गेलो होतो, डांबरी पण एकाच गाडीपुरता. वाटेत जागोजागी ऑटोगेट असतात, म्हणजे रस्त्यात खड्डा करून त्यावर लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या, गाडी जाते पण गुरं ओलांडत नाहीत. समोरून गुरांचा ट्रेलर लावलेला पिकअप आला म्हणून आम्ही खाली उतरलो आणि चाकं वाळूत बसली. निनादनं जोरात ॲक्सिलरेटर दिला तशी आणखी खाली गेली. पिकअपवाले आजोबा बाबांच्याच वयाचे असतील, लगेच उतरले, आधी आमच्या टायरमधली हवा कमी केली, मग दोर लावून दहा मिनिटांत गाडी वर काढली. पैसे तर घेतलेच नाहीत. पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. आमच्या चाकांनी जिथं गवत उपटलं होतं तिथं ते गुडघ्यावर बसले आणि निघालेले तुकडे एकेक करून मुळं खाली, पाती वर असे परत लावून बुटानं दाबले. बोलले काही नाही. आम्ही दोघं पण बसलो आणि लावायला लागलो. मग त्यांनी समोरच्या टेकडीवर हात केला, तिच्या कुशीत मोठा पिवळा खड्डा पडला होता. ब्लोआउट म्हणतात त्याला. एवढंसं गवत फाटलं की वारा आत शिरतो आणि वर्षानुवर्षं तो खड्डा वाढतच जातो.

त्यांचे आजोबा १९०४ च्या किंकेड कायद्यानं तिथं आलेले, तेव्हा एका कुटुंबाला ६४० एकर मिळायची. ज्यांनी नांगर घातला त्यांची जमीन उडाली आणि ते सोडून गेले, ज्यांनी गवत राखून गुरं पाळली ते टिकले. अर्थात त्याआधी ही जमीन लाकोटा आणि पॉनी लोकांची होती, त्यांना हुसकावूनच ती वाटली गेली.

जेवायला त्यांनी आम्हाला त्यांच्याच पवनचक्कीपाशी बसायला सांगितलं. जुनी, लोखंडी, करकर वाजणारी, खाली गुरांसाठी गोल टाकी आणि पाइपातून बारीक धार अखंड चालू. वीज नाही, मोटर नाही. जमिनीखाली ओगालाला नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे आणि इथं तो इतका वर आहे की टेकड्यांच्या मध्ये आपोआप तळी होतात. बाबा, मी त्या धारेखाली हात धरून किती वेळ उभी होते. आपल्या गावात बोअर घेतलं तेव्हा तुम्ही तीन दिवस त्या मशीनपाशी उभे होतात आणि शेवटी नुसता फुफाटा वर आला होता.

आणि कुसळं! बूट काढले तर मोजे कुसळांनी भरलेले, इथल्या गवतालापण तशीच लांब शेपटाची कुसळं येतात, टोचतातपण तशीच. आई, तू माझ्या शाळेच्या मोज्यातून रोज संध्याकाळी पायरीवर बसून काढायचीस ना, तशीच मी बसून काढली. रविवारी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून माळावर न्यायचे आणि तिथं काहीच न करता नुसतं बसायचे, मला कंटाळा यायचा, मी घरी चला म्हणून रडायचे. तो माळ तर आता राहिलाच नाही, सगळा ऊस झाला. बाबा, तुम्ही तिथं काय बघत बसायचात ते मी कधी विचारलंच नाही. इथं मी एका टेकडीवर तशीच बसले होते, दीड तास. वारा येतो तेव्हा गवत एका बाजूनं चांदीसारखं होत जातं आणि परत हिरवं होतं, बाकी काही घडत नाही, आणि उठावंसं वाटत नाही.

रात्री मेरिट तलावापाशी तंबू लावला. तिथले तारे बघायला लोक लांबून येतात, पण आपली पौर्णिमा, त्यामुळे तारे फार दिसले नाहीत. चंद्र मात्र गवताच्या टेकडीमागून वर आला तेव्हा एवढा मोठा आणि तांबूस होता की आम्ही खिचडीचं पातेलं गॅसवर विसरलो. रविवारी व्हॅलेंटाइनला तुझे कॉल दिसले, मग घरी परत.

आता मुद्द्याचं. पुढच्या वर्षी तुम्ही दोघं येणार आहात तेव्हा न्यूयॉर्क, नायगारा नंतर बघू, आधी इथं जायचं. मे अखेर किंवा सप्टेंबर, जुलै-ऑगस्टचं ऊन नको. आईला तंबूत झोपायला लावणार नाही, गुडघ्यांचं माहीत आहे मला, व्हॅलेंटाइनला साधी मोटेल आहेत, तिथं राहू आणि दिवसा गाडीनं फिरू. बाबा, तुमचा पासपोर्ट संपत आलाय, तो आधी रिन्यूला टाका, आजच. आणि दुर्बीण आणा, ती जुनी, नान्नजला माळढोक बघायला नेली होती ती.

तुमची,
मनू

ता.क. आई, पूजा केलीस का विचारलं होतंस. वड कुठला, पण त्या पवनचक्कीच्या टाकीपाशी एकच झाड होतं, कॉटनवुडचं, लांब लांबपर्यंत तेवढंच. सूत नव्हतं जवळ. टाकीतलं ओंजळभर पाणी घातलं त्याच्या बुंध्याशी आणि मग आम्ही दोघं त्याच्या सावलीत जेवलो.